यंदाचं 'डॉक्टर हू' गेलं कामातून

लंडनमध्ये शार्लट स्ट्रीटवर फिट्झरॉय टॅव्हर्न नावाचा जुना पब आहे. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी 'डॉक्टर हू' या टीव्ही मालिकेच्या चाहत्यांनी तिथे जमायचं, हा शिरस्ता कित्येक वर्षं चालला. बीअरचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत कुणीतरी जाहीर करायचं, की यंदाचा सीझन गेला कामातून. हे जाहीर करणारा जो कुणी, तोच या लेखाचा नायक. तो एक नाही, शेकडो आहेत, आणि गेल्या पन्नास वर्षांत त्याच्यात केस पांढरे होण्यापलीकडे फारसा फरक पडलेला नाही. आपण त्याला हूवाला म्हणू.

हूवाला मफलरवरून ओळखावा. चौथा डॉक्टर टॉम बेकर याचा मफलर इतका लांब, की जमिनीवर लोळायचा. वेशभूषाकाराने लोकर गरजेपेक्षा जास्त आणून दिली, विणणाऱ्या बाईंनी ती सगळी संपवली, म्हणून तो एवढा झाला, ही कथा हूवाला ओळख झाल्यावर पाच मिनिटांत सांगतोच. त्याच्या स्वतःच्या गळ्यातला मफलर बहुरंगी असेल तर ठीक. मरून छटांचा असेल तर तो १९८०-८१ च्या अठराव्या सीझनचा, आणि मग समजून जावं की आज घरी जायला उशीर होणार. अठरावा सीझन गंभीर होता की रटाळ, यावर दोन हूवाले एकाच टेबलावर बसून पब बंद होईपर्यंत बोलू शकतात. शेवटी दोघेही आपापल्या जागी असतात. फक्त ग्लास रिकामे झालेले असतात.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायला हवं. डॉक्टर नावाचा परग्रहवासी पोलिसांच्या निळ्या खोक्यात बसून काळात आणि अवकाशात हिंडतो. खोकं बाहेरून लहान, आतून अवाढव्य. मुख्य नट जायला निघाला की डॉक्टर मरणाच्या दारात पोचतो आणि नवा चेहरा घेऊन उठतो. १९६६ साली विल्यम हार्टनेलच्या जागी पॅट्रिक ट्रौटन आणताना ही युक्ती काढली, आणि तिच्यामुळे मालिका अमर झाली. भांडणही अमर झालं. नट बदलला की आधीचा बरा होता. लेखक बदलला की आधीचा लेखक बरा होता. काहीच बदललं नाही तर तेच तेच चाललंय.

नापसंतीची ही परंपरा मालिकेच्या जन्माआधीची आहे. बीबीसीचे नाट्यविभागप्रमुख सिडनी न्यूमन हे मालिकेचे एक जनक. लखनौत जन्मलेल्या वारिस हुसेन या तरुण दिग्दर्शकाने केलेला पहिला भाग न्यूमननी पाहिला आणि पुन्हा चित्रित करायला लावला. तो २३ नोव्हेंबर १९६३ रोजी दाखवला गेला. आदल्याच दिवशी केनेडींची हत्या झाली होती, त्यामुळे पुढच्या आठवड्यात तो परत दाखवावा लागला. बटबटीत डोळ्यांचे राक्षस आपल्या मालिकेत नकोत, अशी न्यूमनची सक्त ताकीद होती. दुसऱ्याच कथेत डालेक नावाचे राक्षस आले. न्यूमन चिडले, आणि सगळ्या ब्रिटनमधली पोरं हात पुढे करून डालेकच्या आवाजात ओरडत फिरू लागली. मालिकेच्या जनकाचाच अंदाज जिथे दुसऱ्या कथेत चुकला, तिथे हूवाल्याची काय कथा!

पण हूवाल्याचा अंदाज कसा चुकतो, हे बारकाईने पाहण्यासारखं आहे. १९७६ साली चाहत्यांची अधिकृत संस्था निघाली आणि त्याच वर्षी रॉबर्ट होम्स या लेखकाची 'द डेडली असॅसिन' ही कथा आली. डॉक्टरची जमात, म्हणजे टाइम लॉर्ड्स, तोवर देवतुल्य वाटत असे. होम्सने त्यांना कुरकुरणारे, खुर्चीला चिकटलेले म्हातारे राजकारणी करून टाकलं. संस्थेच्या अध्यक्षांनी संस्थेच्याच नियतकालिकात कथेची सालं काढली. या मालिकेतली जादू संपली, असा एकूण सूर. आता गंमत पाहा. डॉक्टरला बाराच वेळा रूप बदलता येतं, हा नियम पहिल्यांदा याच कथेत आला. टाइम लॉर्ड्सबद्दल आज जे 'मूळ', 'शास्त्रशुद्ध' म्हणून सांगितलं जातं, त्यातला मोठा वाटा याच कथेतला. नव्या सीझनने यातलं काही मोडलं की हूवाला परंपरेची आण घेऊन उभा राहतो. ती परंपरा १९७६ साली परंपराभंग म्हणून वाजतगाजत बदनाम झाली होती, हे त्याला ठाऊक असतं. तो ते मान्यही करतो. आणि पुढच्या वाक्यात म्हणतो, पण ती गोष्ट वेगळी.

त्याच्याकडे गुण देण्याची पद्धत आहे. 'डॉक्टर हू मॅगझिन' १९७९ सालापासून निघतं आणि त्याचे वाचक कथांना दहापैकी गुण देतात. २००९ साली त्यांनी तोवरच्या दोनशे कथांची क्रमवारी लावली. पहिली आली 'द केव्ह्ज ऑफ अँड्रोझानी'. शेवटची, दोनशेवी, 'द ट्विन डिलेमा'. या दोन्ही एकाच सीझनमधल्या, लागोपाठच्या कथा आहेत. १६ मार्च १९८४ ला सर्वोत्कृष्ट कथा संपली आणि २२ मार्चला सर्वांत टाकाऊ सुरू झाली. पहिलीत पाचवा डॉक्टर सोबतिणीचा जीव वाचवताना स्वतःचा जीव देतो. दुसरीत नवा, सहावा डॉक्टर भडक ठिगळांचा कोट घालून त्याच सोबतिणीचा गळा आवळतो. मग तो एकविसावा सीझन चांगला की वाईट? हूवाल्याला विचारू नका. तो सांगेल, आणि सुरुवात विसाव्यापासून करेल.

याहून बहारदार प्रकार म्हणजे न पाहिलेल्या सीझनची गुणपत्रिका. बीबीसीने साठच्या दशकातल्या टेप पुसून परत वापरल्या, त्यात या मालिकेचे शंभराहून अधिक भाग गेले. काही घरच्या पोरांनी टीव्हीसमोर मायक्रोफोन धरून आवाज तेवढा टिपून ठेवला होता, म्हणून आवाज उरला. चित्र नाही. त्यावर आणि कादंबरीरूपांवर हूवाल्यांच्या दोन पिढ्या पोसल्या. पाचव्या सीझनमधली 'टूम ऑफ द सायबरमेन' ही हरवलेली कथा म्हणजे कळस, असं ठरून गेलं होतं. 'द एनिमी ऑफ द वर्ल्ड' मात्र कंटाळवाणी, कारण सहापैकी उरलेला तिचा एकुलता एक भाग कंटाळवाणा होता. पुढे 'टूम' हाँगकाँगमध्ये सापडली. सगळ्यांनी डोळे भरून पाहिली, आणि काहींच्या डोळ्यांना धडपड्या हाणामारीतल्या तारा दिसल्या. कळस जरा खाली आला. २०१३ साली नायजेरियातल्या जॉस शहरातल्या टीव्ही केंद्रात 'एनिमी'चे उरलेले भाग मिळाले. ट्रौटनची दुहेरी भूमिका, वेगवान मांडणी, हूवाले थक्क. एकाच सीझनमधल्या दोन कथांचे भाव असे उलटसुलट झाले, आणि १९६७-६८ मध्ये चित्रित झालेल्या त्या फिल्मवरचा एक ठिपकाही बदलला नव्हता.

आपल्याकडे बालगंधर्वांना एकदाही न ऐकता 'तो काळ गेला' म्हणून उसासा टाकणारे रसिक असतात, त्यांना हा गृहस्थ लगेच जवळचा वाटेल. मालिकेच्या लेखकांनाही तो चांगलाच ओळखीचा होता. १९८८ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या 'द ग्रेटेस्ट शो इन द गॅलक्सी' या कथेत एक प्रसिद्ध सर्कस आहे आणि तिचा एक चष्मेवाला, बो-टायवाला, सायकलवरून आलेला निस्सीम चाहता आहे. तो अगदी निरागसपणे सांगतो, की सर्कशीचे जुने दिवस मी काही पाहिले नाहीत, पण आता तिच्यात पूर्वीची मजा नाही हे मला माहीत आहे. लेखकाने त्याला थोड्याच वेळात रिंगणात पाठवून संपवला. हूवाल्यांनी हा टोला ओळखला, हसून घेतला, आणि तो सीझन आधीच्या सीझनपेक्षा बरा की वाईट यावर चर्चा सुरू केली.

त्याला विज्ञानाची चाड आहे, हेही नोंदवायला हवं. ऑक्टोबर २०१४ मध्ये 'किल द मून' हा भाग आला. त्यात चंद्र म्हणजे एक अंडं निघतं. ते फुटतं, आतलं पिल्लू पंख पसरून उडतं आणि जाता जाता पहिल्याएवढंच नवं अंडं घालून जातं, म्हणजे पृथ्वीला चंद्राची उणीव नको. नुकतं जन्मलेलं पिल्लू स्वतःएवढं अंडं कसं घालेल? अंड्यातल्या जिवाचं वजन वाढलं म्हणून चंद्राचं वजन वाढेलच कसं? हूवाला या प्रश्नांनी रात्र रात्र झोपला नाही. आतून मोठं, बाहेरून लहान असलेलं खोकं त्याने पन्नास वर्षं बिनतक्रार मानलं होतं. मला विचाराल तर यात त्याचं फार चुकत नाही. एक अशक्य गोष्ट मान्य करून बसलेल्या माणसाला दुसरी अशक्य गोष्ट नीट रचून हवी असते. चंद्राचं अंडं तेवढं रचलेलं नव्हतं.

मालिकेला शिव्या घालण्याचा हक्क मात्र त्याने फक्त स्वतःकडे ठेवला आहे. १९८५ मध्ये बीबीसी वनचे प्रमुख मायकेल ग्रेड यांनी मालिका दीड वर्षासाठी थांबवली. पंधरवड्यापूर्वी त्याच सीझनला नावं ठेवणारे हूवाले एकदम रणांगणात. डॉक्टर संकटात आहे हो, अशा अर्थाचं एक गाणं नटांना आणि गायकांना गोळा करून ध्वनिमुद्रित झालं. गाणं इतकं पडेल, की त्यावर मात्र हूवाल्यांचं आजवर एकमत आहे.

दीड वर्षाने मालिका परतली, चौदा भागांचा एकच लांबलचक खटला घेऊन. डिसेंबर १९८६ मध्ये बीबीसीच्या 'ओपन एअर' या कार्यक्रमात चाहत्यांना बोलायची संधी मिळाली. लिव्हरपूलच्या चाहता मंडळातला सोळा वर्षांचा एक मुलगा त्यात होता. शेवटचा भाग लिहिणाऱ्या पिप आणि जेन बेकर या दांपत्याला त्याने सुनावलं, की लेखन चावून चोथा झालेलं आहे. या मुलाचं नाव ख्रिस चिबनल. २०१८ साली तोच मालिकेचा सर्वेसर्वा झाला. २०२० मध्ये त्याने लिहिलेल्या भागात डॉक्टर मुळात टाइम लॉर्ड्सच्या गॅलिफ्रे ग्रहावरचा नव्हताच असं निघालं, आणि हूवाल्यांनी जे काही सुनावलं त्यापुढे बेकर दांपत्याचं सुदैवच म्हणायचं.

चिबनल एकटा नाही. बारावा डॉक्टर पीटर कपाल्डी याने पंधराव्या वर्षी 'रेडिओ टाइम्स'ला मालिकेवरच्या खास अंकाचं कौतुक करणारं पत्र लिहिलं होतं आणि ते १९७४ साली छापूनही आलं. चिबनलच्या आधीचे सर्वेसर्वा रसेल टी. डेव्हिस आणि स्टीव्हन मोफॅट हेही जुने चाहते. २००५ साली मालिका खंडानंतर नव्याने सुरू झाली, तेव्हापासून ती हूवाल्यांच्याच ताब्यात आहे. तरी हूवाला समाधानी नाही. खरं तर म्हणूनच नाही.

पिढीचा हिशेबही मजेदार आहे. २००५ च्या एप्रिलमध्ये डाउनिंग स्ट्रीटमध्ये अपानवायू सोडणारे परग्रहवासी घुसले, तेव्हा टॉम बेकरच्या काळात वाढलेल्या हूवाल्याने कपाळावर हात मारला होता. त्या वेळी सोफ्यामागे लपून ते भाग पाहिलेली पोरं आज तिशीत आहेत. २०२४ च्या सीझनबद्दल बोलताना 'डेव्हिसचं पहिलं पर्व बघा, काय तोल होता' असं तीच म्हणतात. त्या २०२४ च्या सीझनला निर्मात्यांनी 'सीझन वन' असं नाव दिलं. हूवाला त्याला कटाक्षाने चाळिसावा म्हणतो: जुने सव्वीस, २००५ नंतरचे तेरा, आणि हा. बेरीज बरोबर आहे. ३१ मे २०२५ ला शूटी गॅटवाच्या डॉक्टरने रूप बदललं आणि समोर बिली पायपर उभी राहिली, जी २००५ मध्ये डॉक्टरची सोबतीण होती. ती नवा डॉक्टर आहे की आणखी काही, हे सांगितलंच नाही. असा शेवट म्हणजे हूवाल्याची कित्येक गुरुवारांची सोय.

कुणाला हे प्रकरण चाखून पाहायचं असेल तर हूवाल्याला 'सुरुवात कुठून करू' असं विचारायच्या भानगडीत पडू नये. थेट 'सिटी ऑफ डेथ' लावावी. पॅरिस, मोनालिसाच्या सात तसबिरी, आणि पटकथेत मोठा हात डग्लस ॲडम्सचा. १९७९ साली आयटीव्ही वाहिनी संपामुळे बंद होती, म्हणून या कथेचा चौथा भाग १ कोटी ६१ लाख लोकांनी पाहिला. त्याहून मोठी संख्या या मालिकेला कधी मिळाली नाही. तेव्हाच्या हूवाल्यांचं मत पडलं, की या सीझनने गंभीर मालिकेचा पोरखेळ केला. चार भाग आहेत, दोन तासांच्या आत संपतात, आणि फार छान आहेत.