मुक्काम पोस्ट भलतीकडं

लातूर रोड हे रेल्वे स्टेशन लातूरला नाही. ते चाकूर तालुक्यात आहे आणि तिथून खुद्द लातूर तीसेक किलोमीटर पडतं. रेल्वेनं गावाच्या नावापुढं ‘रोड’ लावलं की समजून जावं, आम्ही गाव दाखवलंय, पोचायचं तुमचं तुम्ही बघा. विकाराबादहून परळीकडं जाणाऱ्या लाइनीतून लातूरचा फाटा इथं फुटतो, एवढ्याच हक्कावर त्या स्टेशनानं नाव घेतलंय. तालुका चाकूरचा, नाव लातूरचं, आणि पहाटे साडेचारला फसायची पाळी बाहेरच्याची.

आमचे पुण्याचे साहेब एकदा हैदराबादची मीटिंग आटोपून बीदर-उदगीरमार्गे रेल्वेनं आले. पहाटे फोन वाजला.

“मी उतरलोय लातूरला. गाडी घेऊन ये.”

“साहेब, पाटीवर लातूरच्या पुढं काही लिहिलंय का?”

पलीकडं बराच वेळ काही नाही. मग बारीक आवाजात, “रोड.”

“मग तिथंच थांबा. तुम्ही माझ्या घराजवळ आलात.”

मी पोचलो तेव्हा साहेब चहावाल्याशी भांडत होते. हे लातूर नाही, तर लातूर लिहिलंय कशाला, असा त्यांचा मुद्दा होता, आणि तो बिनतोड होता. चहावाला शांत. “लातूरची गाडी हितूनच जाती न सायेब,” म्हणाला आणि त्यानं दुसरा कप भरला. कप दोन झाले, पैसे दोनाचे घेतले. बाहेरच्या माणसाला इथला भूगोल समजावून सांगायची ही काही फार मोठी फी नाही.

मी बियाणं आणि पिकांची औषधं विकणाऱ्या एका कंपनीचा प्रतिनिधी आहे. गाडीत शेजारच्यानं विचारलं आणि मी ‘औषध कंपनीत’ असं म्हटलं, की तो पँट वर करून गुडघा दाखवतो. माझ्याकडं औषध असतं ते हरभऱ्यावरच्या घाटे अळीचं. तरी काही लोक ‘लावून बघू का’ म्हणतात.

माझं हेडक्वार्टर चाकूर कसं झालं त्याचीही गंमत आहे. पुण्यात कुणीतरी नकाशावर पट्टी ठेवली आणि लातूर आणि नांदेडच्या मधलं गाव शोधलं. मधे म्हणजे काय, तर चाकूरहून लातूर तासाभरावर आणि नांदेड त्याच्या अडीचपट. पुण्यात याला मध्य म्हणतात. तर माझ्या दोन्ही बाजूंना मिळून उदगीर, अहमदपूर, निलंगा, औसा, लोहा, कंधार, मुखेड, देगलूर, एवढी गावं आली. या गावांत फिरून मला जे कळलं ते कुठल्याही गाइडात नाही. या दोन जिल्ह्यांत कुठलीच गोष्ट जिथली म्हणून सांगतात तिथं सापडत नाही.

चाकूरचंच घ्या. पुण्या-मुंबईत गाव सांगितलं की कपाळाला आठ्या पडतात. मग म्हणायचं, ‘शिवराज पाटील चाकूरकर’. लगेच, ‘हां हां, ते होय!’ लोकसभेचे सभापती, मग देशाचे गृहमंत्री. लोकांना ‘कर’ ठाऊक असतो, गाव नसतं. आमचं गाव एका आडनावात राहतं. आणि गावात काय आहे? तर सीमा सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्र. इथून पाकिस्तानची सीमा गाठायची तर अर्धा देश ओलांडावा लागेल. जवळची म्हणावी अशी सीमा कर्नाटकाची, आणि तिकडून येतात ते साखरपुड्याचे पाहुणे. तरी पोरं पहाटे पळतात, शिस्तीत पळतात. इथला उन्हाळा ज्यानं सोसला त्याला राजस्थानात काय अवघड जाणार, असा त्यामागं विचार असेल तर तो मला पटतो.

उदगीरला मी अनेकदा गेलो, पण किल्ला पाहिला तो डीलरच्या गोदामाच्या छपरावरून. खतांच्या गोण्या मोजायला वर चढलो तेव्हा बुरूज दिसला. फिरतीवरच्या माणसाला प्रेक्षणीय स्थळं अशीच दिसतात, मोजणी करताना, तिरपी. तरी या किल्ल्याबद्दल मला आपुलकी आहे. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी उदगीरच्या लढाईत निजामाला नमवलं आणि पुढच्या वर्षाच्या जानेवारीत ते पानिपतावर होते. आमच्या धंद्यात हे आम्ही दरसाल बघतो. एका पोऱ्यानं छोट्या एरियात टार्गेट फोडलं की हेड ऑफिस खूश होतं आणि लगेच त्याला उत्तर भारत देतं. त्याला तिथला बाजार माहीत नाही, तिथली थंडी माहीत नाही, माल मागून येणार आहे असं सांगितलेलं असतं. उदगीरचा माझा डीलर हे ऐकून म्हणाला, “म्हणून मी तुमचं टार्गेट कदी पुरं करत न्हाई. तुमच्याच जिवासाठी.”

निलंगा राईस मी निलंग्याबाहेरच जास्त खाल्ला. औशाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. तिथला डीलर वेळेवर पैसे देतो, आणि जो वेळेवर पैसे देतो त्याच्या गावात आमचं जाणं कमी होतं.

लातूर मात्र खुलासेवार सांगायला हवं, कारण लातूरला पत्ता विचारणं हा स्वतंत्र अनुभव आहे. गावाच्या मध्यात गंजगोलाई. गोल इमारत, मधोमध जगदंबेचं देऊळ आणि चहूकडं फुटणारे सोळा रस्ते. निजामाच्या राजवटीत कुण्या नगररचनाकारानं हे आखलं तेव्हा त्याच्या मनात व्यापाऱ्यांची सोय असणार, आणि सोय झालीही. व्यापाऱ्यांची. नवीन माणसानं मात्र ‘गोलाईत या, दुकान दिसंल’ एवढ्या पत्त्यावर जाऊ नये. गोलाईत गोल फिरताना सगळीच दुकानं दिसतात, पुन्हा पुन्हा दिसतात, आणि दुसऱ्या फेरीला ओळखीची वाटायला लागतात. तिसऱ्या फेरीला एका भांडेवाल्यानं मला बसायला स्टूल दिलं.

“कुणाला शोधूलालाव?”

मी नाव सांगितलं.

“ते व्हय! ते कवाच मार्केट यार्डात गेले. बोर्ड तेवढा हितं ऱ्हायला.”

रात्रीचा मुक्काम स्टँडजवळच्या लॉजवर. गाव कुठलंही असो, लॉज एकच असतो. भिंतीवर पाटी, ‘गरम पाणी सकाळी ६ ते ७’. साडेसहाला नळाखाली हात धरला की कळतं, वेळ खरी आहे, पाणी वेगळ्या वेळचं आहे. उतरणारेही तेच. गोळ्यांचे नमुने घेऊन फिरणारा एमआर, बँक तपासायला आलेला ऑडिटर, मोटारीच्या पार्टवाला, शाळांना प्रयोगशाळेचं सामान विकणारे एक गृहस्थ, ज्यांच्या बॅगेत कायम सांगाड्याचा एक हात असे. हा सगळा गोतावळा रात्री पायऱ्यांवर बसतो आणि कुठल्या गावात कोण उधारी बुडवतो याची उजळणी होते. त्या पायऱ्यांवर मला जिल्ह्याचं जे ज्ञान मिळालं ते गॅझेटियरात छापलं तर अर्धे व्यापारी कोर्टात जातील. सकाळी मॅनेजर मान वर न करता विचारतो, “बिल कितीचं करू?” आम्ही सगळे जण त्या क्षणी भिंतीवरच्या देवाकडं बघतो.

२०१६ च्या उन्हाळ्यात तर नळच बंद पडले. मांजरा धरण कोरडं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. गाडी बघायला सगळं गाव लोटलं होतं. लोकांनी तिला हळद-कुंकू वाहिलं असतं तरी मला नवल वाटलं नसतं. लॉजच्या पायऱ्यांवरचा ऑडिटर एवढंच म्हणाला, “पाणीसुद्धा फिरतीवर निघालं की हो. याला टीए कोण देणार?” त्या दिवसांत लॉजवर एका खोलीला एक बादली. सांगाड्याच्या हातवाले गृहस्थ अर्ध्या बादलीत आंघोळ करत आणि उरलेली आम्हाला विकायचा विचार करत. विकली नाही, एवढा माणूस चांगला.

नांदेडला जावं तर तिथं पंजाब. गुरू गोविंदसिंगजी १७०८ मध्ये इथंच ज्योतीत विलीन झाले. तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या दर्शनाला अमृतसर, लुधियानाहून माणसं येतात. स्टेशनबाहेर रिक्षावाला मला ‘आओ जी, गुरुद्वारा’ म्हणतो आणि मी ‘नको रे बाबा, मोंढ्यात सोड’ म्हटलं की हिरमुसून ‘मग तसं सांगायचं न भौ’ म्हणतो. लंगरात मात्र मी न चुकता जातो. दाल, पोळी, खीर, आणि वाढणारा असा प्रेमानं वाढतो की नको म्हणायची लाज वाटते. अडचण होते ती महिनाअखेरीला.

“नांदेडला जेवणाचं बिल कुठंय?” अकाउंट्सवाल्या मॅडमचा फोन.

“लंगरात जेवलो, मॅडम.”

“पावती?”

“तिथं पावती नसते.”

“मग भत्ता कसा देऊ?”

“भत्ता नकोच. फुकट होतं.”

मॅडमना हे पटेना. फुकट जेवून तसं लिहून देणारा माणूस त्यांनी नोकरीत पहिल्यांदा पाहिला होता. चौकशी लागली.

लोह्याच्या अलीकडं माळेगाव लागतं, खंडोबाचं. मार्गशीर्षात तिथं यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, तमाशाचे फड, आणि झेडपीचं कृषी प्रदर्शन. कंपनीनं प्रदर्शनात स्टॉल घ्यायचं ठरवलं. पुण्याहून बॅनर, पत्रकं आणि दहा फुटी फुगवायचा हरभऱ्याचा घाटा, असं सगळं ट्रान्सपोर्टनं निघालं. पावतीवर लिहिलं ‘माळेगाव’. महाराष्ट्रात मालेगाव म्हटल्यावर ट्रान्सपोर्टवाला कुठं जाणार? नाशिक जिल्ह्यात. यात्रेच्या पहिल्या दिवशी मी रिकाम्या स्टॉलमध्ये खुर्चीवर, आणि तिकडं मालेगावात यंत्रमागाच्या गल्लीत आमचा हरभरा पडून. माझ्या स्टॉलच्या शेजारी गाढवांचा बाजार होता. दुपारपर्यंत दोन जणांनी येऊन माझ्याकडं भाव विचारला.

याच यात्रेच्या दिवसांत येळवस येते, मार्गशीर्षाची अमावस्या. लातूर-धाराशिवकडं हा सण दिवाळीहून मोठा. पुण्याच्या सुट्ट्यांच्या यादीत तो नाही, त्यामुळं नेमक्या त्याच दिवशी साहेबांनी मला लातूरला वसुलीला धाडलं. गोलाईला पोचलो तर सोळाच्या सोळा रस्त्यांवर कुत्रंही नाही. शटरं खाली. क्लासेसच्या त्या प्रसिद्ध रस्त्यावरसुद्धा, जिथं डॉक्टर होऊ घातलेली पोरं रात्री बारालाही चालताना वाचतात, तिथं फक्त होर्डिंगवरचे टॉपर हसत होते. साहेबांना फोन केला.

“साहेब, लातूर बंद आहे.”

“का? मोर्चा? दगडफेक?”

“नाही साहेब. जेवण आहे.”

“कुणाचं?”

“सगळ्यांचंच.”

साहेबांनी फोन ठेवला. मी डीलरला लावला. आप्पा ओरडूनच बोलले, मागं पोरांचा गोंधळ. “लातूरला कशाला बसलाव? या की शेतात! आज लातूर हितंच हाय!”

आणि खरंच होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी-हरभऱ्याच्या रानात अख्खं शहर पांगलेलं. भांडेवाला एका बांधावर बसलेला, त्यानं ओळखून हात केला. लॉजचा मॅनेजर एका चिंचेखाली, बिलाविना. कडब्याची कोप, तिच्यात चुना लावलेले पाच पांडव, आंबिलीचं बिंदगं, शेतभर भज्जीचा वास. ही भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. तुरीचे, वाटाण्याचे, पावट्याचे ओले दाणे, पालेभाज्या, चिंच, बेसन, असं घरात आणि रानात असेल नसेल ते एका भांड्यात. बरोबर बाजरीचे उंडे. आप्पांच्या शेतापर्यंत पोचेस्तोवर मला तिघांनी बळंच बसवून जेवू घातलं. त्यांतला एक आमच्या विरोधी कंपनीचा डीलर होता. भज्जी त्याची जास्त चांगली होती.

आप्पांच्या पंगतीत बसलो. पानात वाढून झालं, आंबिलीचा तांब्या आला, तेव्हा मी हळूच विषय काढला.

“आप्पा, खरिपाची बाकी…”

“द्यायचीच हाय की. मी काय न्हाई म्हनलो का? पन चेकबुक दुकानात हाय.”

“मग चलू दुकानात. गाडी आहे.”

“किल्ली पोराकडं हाय.”

“तो कुठंय?”

“आज त्यो सासऱ्याच्या शेतात.”

“त्याची सासरवाडी कुठली?”

“चाकूर.”

मी तांब्या खाली ठेवला. आप्पांनी तो उचलून पुन्हा माझ्या हातात दिला आणि पानात आणखी एक उंडा टाकला.

“खावा सावकाश. तिकडं गेलाव तरी ती लोकं तुमाला जेवल्याबिगर किल्ली देनार न्हाईत.”