उलटे आटे

निवृत्तीनंतर माणसाने काय करावं हे सांगणारा एक तरी तज्ज्ञ कोथरूडच्या प्रत्येक बागेतल्या बाकावर बसलेला असतो. त्यातल्या कुणाचंही न ऐकता मी पिरंगुटच्या पुढे घोटावडे फाट्याला वळलो आणि रिह्यात छोटंसं घर बांधलं. घर हे निमित्त. खरा डोळा घरामागच्या पत्र्याच्या शेडवर होता. विमा कंपनीत जन्मभर दुसऱ्यांच्या मोडक्या वस्तूंचे दावे तपासले, आता स्वतःच्या हातांनी काहीतरी दुरुस्त करायचं होतं. हिने एकच प्रश्न विचारला, "अहो, पण आपल्याकडे मोडलेलं आहे काय?"

काहीच नव्हतं. ती उणीव जुन्या बाजाराने भरून काढली.

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. काय हवंय हे ज्याला ठाऊक असतं त्याला तिथे स्वस्त मिळतं, आणि ज्याला ठाऊक नसतं त्याला भरपूर मिळतं. मला भरपूर मिळालं. एक बेंच व्हाइस, एक ग्राइंडर, कानशी, रंधा, गिरमिट आणि पान्ह्यांचा एक भारदस्त जुडगा. त्यातला एकही पान्हा घरातल्या एकाही नटाला बसेना. पान्ह्यावर अर्धा इंच लिहिलेलं आणि त्याचं तोंड पाऊण इंचाहून मोठं! जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८४१ साली आट्यांची मापं ठरवून दिली, त्या घराण्यातले हे पान्हे. त्यांच्यावर नटाचं माप नसतं, ज्या बोल्टवर तो नट चढतो त्याची जाडी लिहिलेली असते. ही माहिती मी हिला मोठ्या उत्साहाने सांगितली. तिने विचारलं, "मग परत घेईल का तो?"

आषाढ लागला. आमच्या खोऱ्यात पाऊस पडतो असं म्हणणं बरोबर नाही, तो मुक्कामाला येतो. हवेतला दमटपणा साठ टक्क्यांच्या वर गेला की गंज जोर धरतो म्हणतात. इथे साठ टक्के म्हणजे कोरडा दिवस. भाताची लावणी आटोपेपर्यंत माझी सगळी हत्यारं एकाच रंगाची झाली होती. व्हाइसचा दांडा तर फिरायचाच बंद झाला.

गंज काढायची एक शास्त्रीय रीत मी वाचली होती. प्लॅस्टिकच्या टबात पाणी घ्यायचं, त्यात धुण्याचा सोडा विरघळवायचा. गंजलेली वस्तू बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला जोडायची आणि धन टोकाला कुठलाही टाकाऊ लोखंडी तुकडा. वीज सोडली की गंज सुटतो, आणि वस्तूऐवजी तो टाकाऊ तुकडा झिजतो. टब हिचा, कुरडयांचा गहू भिजवायचा. चार्जर गाडीचा. आणि टाकाऊ तुकडा म्हणून कुंपणाला टेकवलेलं एक बेवारस फावडं मिळालं. लाल वायर महत्त्वाच्या वस्तूला लावायची, एवढं मला पक्कं आठवत होतं. तशी ती व्हाइसला लावली, बुडबुडे येताना पाहिले, आणि समाधानाने झोपलो.

सकाळी शेजारचे आबा कुंपणापाशी उभे. "साहेब, माझं फावडं दिसलं का? हितंच टेकवलंवतं."

फावडं टबातून काढलं. काळपट झालं होतं, पण तारेचा ब्रश फिरवताच आतून असं स्वच्छ लोखंड निघालं की आबांनी ते उलटंसुलटं करून खात्री केली की हे आपलंच. माझ्या व्हाइसवर मात्र तपकिरी चिखलाचा थर होता. तो धुतल्यावर जबड्यांचे दाते गुळगुळीत झालेले दिसले, आणि कारखान्याचं ओतीव नाव वाचायला बोटाने चाचपावं लागलं. पुढे हिशेब केला. फॅरडेच्या नियमाने एका अँपिअर-तासाला फार तर एक ग्रॅमच्या आसपास लोखंड जातं. म्हणजे रात्रभरात जास्तीत जास्त मूठभर चुरा. पण तो मला नेमका जिथे नको होता तिथूनच गेला होता.

"लई झाक काम केलंत," आबा म्हणाले. "आमचा कोयता बी असाच करून द्या."

रिह्यात बातमीला रस्ता लागत नाही. रविवारपर्यंत माझ्या शेडीत विळे, खुरपी, कुदळी आणि एक कुलूप जमा झालं. कुलपाची चावी कुणाकडेच नव्हती, पण ते स्वच्छ व्हावं अशी मालकाची इच्छा होती. आता वायरी मी बरोबर लावत होतो. बुडबुड्यांतून हायड्रोजन सुटतो म्हणून टब उघड्यावर आणला, आणि आबांना बिडी दूर जाऊन ओढायची विनंती केली. त्यांनी ती मान्य केली, पण एवढ्या पाण्यात आग कशी लागेल याचं उत्तर माझ्याकडून घेऊनच.

एवढा माल हाताने घासणं जमेना. म्हणून ग्राइंडरची सुधारणा करायला घेतली, म्हणजे डावीकडचा दगड काढून तिथे तारेचं चाक बसवायचं. त्यासाठी एक नट सोडवायचा होता. तो सुटेना. तेल सोडलं, हातोडीने ठोकलं, नव्या पान्ह्याच्या दांड्यात नळाचा तुकडा घालून पुऱ्या वजनानिशी लोंबकळलो. नट किंचित हलला. हुरूप येऊन आणखी जोर लावला, तेव्हा कट्ट असा आवाज झाला आणि दगडाला आरपार चीर गेली.

आबांनी वाकून पाहिलं. "तुम्ही तर आवळताय, साहेब. सायकलच्या डाव्या पायडलीचं आटं उलटं असत्यात, तसंच असंल हे."

तसंच होतं. समोर उभं राहिलं की दगड आपल्या दिशेने खाली फिरतो, आणि डावीकडे सरळ आटे असते तर चालता चालता नट आपोआप सैल झाला असता. म्हणून तिथले आटे उलटे कापतात. हे कोणत्याही फिटरला ठाऊक असतं, आणि आता कळलं की सायकल चालवणाऱ्या शेतकऱ्यालाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं, १९०३ साली लोखंडी नांगर केला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभारली. हा क्रम पूर्वी मला योगायोग वाटायचा. ज्याने पायडल सोडवलंय त्यालाच पुढची वाट दिसते. मी सायकल नेहमी दुकानात दुरुस्त करून घेतली, त्यामुळे माझी गाडी थेट विम्यावर गेली.

नवा दगड आणला. माठ घेताना वाजवून बघतात तसा तो आबांनी काडीवर लटकावून लाकडाने वाजवला आणि खणखणीत नाद आल्यावरच पास केला. तडकलेला दगड बद्द वाजतो, आणि मिनिटाला पावणेतीन हजार फेऱ्यांच्या वेगाने फुटला तर वाजवायला कुणी उरत नाही. पण ग्राइंडर पक्का बसवायला जाड अँगलला चार भोकं हवी होती. हातातल्या ड्रिलचे कार्बन ब्रश संपत आलेले. ब्रश किरकोळ किमतीत मिळतात, आणि शहाणा माणूस ते बदलतो. मी मात्र भंगारात उभं राहणारं ड्रिल मशीन पाहिलं आणि म्हटलं, एकदाच काय ती सुधारणा होऊन जाऊ दे.

टेम्पोतून उतरवल्यावर मोटारीची पाटी वाचली. तीन फेज, ४१५ व्होल्ट. आमच्या घरात एकच फेज येते.

मुळशीच्या धरणाचं पाणी घाटाखाली भिऱ्याला सोडून टाटांनी मुंबईसाठी वीज काढली. त्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ साली सत्याग्रह उभारला, तुरुंग भोगला. शंभर वर्षांनी त्याच मुळशी तालुक्यात एक निवृत्त विमा कर्मचारी दोन फेज कमी पडल्या म्हणून हळहळत होता. इतिहासात त्याची नोंद होणार नाही, व्हायचं कारणही नाही. आबांच्या शेतातल्या पंपाला तीन फेज होत्या. मशीन विहिरीवर न्यायचा विचार मी बोलून दाखवला. आबा म्हणाले, "रातची येती लाइट. दोन वाजता भोकं पाडाया याल का?"

शेवटी तपकीर गल्लीतून अर्ध्या हॉर्सपॉवरची एक फेजवाली मोटार आणली. जुन्या मोटारीचा दांडा १४ मिलिमीटरचा, नवीचा १९. तेवढ्याच ताकदीची एक फेजची मोटार बहुधा एक माप मोठी येते, हे घरी आल्यावर कळलं. जुनी पुली नव्या दांड्यावर चढेना. पुलीचं भोक मोठं करायला हवं. भोक मोठं करायला ड्रिल मशीन हवं. आणि ड्रिल मशीन सुरू व्हायला ती पुली हवी. या वर्तुळाकडे बघत मी बराच वेळ बसून राहिलो. हिने चहा आणून ठेवला आणि विचारलं, "देवघराची फळी आज लागेल का?" फळी लावायला भिंतीत दोन भोकं पाडायची होती.

पिरंगुटच्या एका लेथवाल्या पोराने पुली हातात घेतली, भोक मोठं केलं, चावीची खाच पाडली आणि माझा चहा निवायच्या आत परत दिली. पैसे द्यायला लागलो तर म्हणाला, "काका, रिह्यात ते गंज काढणारे तुम्हीच ना? आमच्या चकचे जबडे नेता का?"

ड्रिल मशीन आता चालतं. ग्राइंडर चार बोल्टांवर घट्ट बसलाय. फळी आबांनी येऊन लावून दिली, दगडाने दोन खिळे ठोकून. गंजाचं खातं मात्र जोरात आहे. लोक पैसे देत नाहीत आणि मी मागत नाही, पण सुगीनंतर दारात आंबेमोहोराच्या पिशव्या येऊन पडल्या. त्या पाहून हिने टबावरचा हक्क सोडला. काल कुणीतरी ट्रॅक्टरचा नांगर ट्रॉलीतून आणून शेडीपुढे उतरवलाय. तो टबात मावत नाही. घरामागे पाण्याची हजार लिटरची टाकी आहे, तीत सहज मावेल. मी फक्त माप घ्यायला टेप काढला होता, पण हिने आधीच टाकीच्या झाकणाला कुलूप घातलंय. तेच ते, स्वच्छ केलेलं, बिनचावीचं.