आधी सांगा, सांडलं काय?

प्रत्येक सोसायटीत एक पाणीवाले असतात, एक पार्किंगवाले असतात आणि एक दगडवाले. पहिले दोघे निवडून येतात. दगडवाले आप्पा स्वयंभू. कुणाच्या ओट्यावर डाग पडला की घरच्यांच्या आधी त्यांना कुणकुण लागते. खिशात भिंग, हातात मुलतानी मातीची पुडी आणि उंबऱ्यातूनच पहिला प्रश्न, "आधी सांगा, सांडलं काय?"

"काही नाही हो, आपोआप पडला," हे उत्तर आप्पांनी आजवर मान्य केलेलं नाही. ते डागावर बोट फिरवतात, वास घेतात, तिरक्या उजेडात मान वाकडी करून बघतात. गडद दिसला तर डाग. फिकट, निस्तेज दिसला तर दगडच खाल्ला गेलाय. संगमरवर काय, कोटा काय, शहाबादी काय, अगदी काळाकुळकुळीत कडप्पासुद्धा, सगळी चुनखडीची औलाद. लिंबू, चिंच, आमसूल त्यांना सोसत नाही. ग्रॅनाइट लिंबाला भीक घालत नाही, पण तेल गुपचूप पितो.

"वहिनी, हा डाग नव्हेच. इथे कुणीतरी चिंच लावून तांब्या घासलाय. आता पॉलिशवाला बोलवा."

"मी नाही हो घासत चिंचेनं," वहिनी आतल्या खोलीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणतात. आतल्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढतो. आप्पा निघून जातात. विषय आठवडाभर मुक्कामाला राहतो.

खिडकीच्या संगमरवरी कट्ट्यावर पेल्याच्या बुडाएवढं वर्तुळ सापडलं, तेव्हा घरमालक चटकन म्हणाले, "कोकम सरबत."

आप्पांनी भिंग लावलं. "द्राक्षं दिसतात. नाशिकची."

मालकांनी पेपर उघडला. त्यांच्या सौ.ने मात्र आप्पांना पुन्हा चहा विचारला.

पण आप्पांचा खरा पराक्रम म्हणजे लेप. मुलतानी माती श्रीखंडाएवढी दाट कालवायची. चहा-कॉफीच्या डागाला हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये (काळ्या दगडावर नको, रंग उडतो), तेलाला ॲसिटोनमध्ये. अर्धा सेंटिमीटर जाड थापायची, वर प्लॅस्टिकचा कागद, कडेनं चिकटपट्टी. 24 तासांनी कागद काढून माती आपली आपण वाळू द्यायची. वाळता वाळता ती दगडात मुरलेलं वर ओढून घेते. अधूनमधून कागद उचलून बघायचं नाही. हा नियम आप्पा स्वतः सोडून सगळ्यांना लागू असतो.

तळमजल्यावरच्या आजींच्या देवघरात समईच्या तेलाचा जुना डाग होता. ॲसिटोन भडकतं, म्हणून आप्पा म्हणाले, "आधी समई शांत करा."

"नंदादीप आहे तो," आजी म्हणाल्या. "माझ्या सासूबाईंच्या वेळेपासून."

"आजी, ताजमहालाच्या संगमरवरालासुद्धा मुलतानी मातीचाच लेप लावतात. पुरातत्त्व खातं, 1994 पासून!"

"तिथे समई नाही."

यावर आप्पांकडे उत्तर नव्हतं. शेवटी देव, समई आणि आजी असे तिघेही बरेच दिवस हॉलमध्ये राहायला आले, देवघराच्या खिडक्या उघड्या राहिल्या आणि लेप एकदा नव्हे, तीनदा लागला. डाग बराच फिकटला. आप्पा "गेला" म्हणतात, आजी "आहे" म्हणतात, आणि दोघंही रोज संध्याकाळी तो बघायला जमतात.

आप्पा हात टेकतात ते फक्त सिलिंडरच्या बुडाखालच्या गंजाच्या कड्यापुढे. गंज काढायच्या बहुतेक औषधांत आम्ल असतं. गंज जाईल, पण फरशीची झिलईही सोबत जाईल. अशा वेळी ते एक दीर्घ श्वास घेऊन तज्ज्ञ सल्ला देतात, "सिलिंडर परत तिथेच ठेवा."

हल्ली मात्र त्यांचे दिवस बरे नाहीत. परवा नव्या जोडप्यानं कौतुकानं आपला पांढराशुभ्र कृत्रिम क्वार्ट्झचा ओटा दाखवला. हळद, चहा, तेल, काहीही सांडा, पुसलं की झालं. आप्पांनी भिंग काढलं, कोपरे पाहिले, सिंकची कड पाहिली. काही नाही. चेहरा पडला. निघता निघता त्यांना आठवलं की यात राळ असते आणि ती उष्णतेनं करपून पिवळी पडते.

"गरम कढई चुकूनसुद्धा थेट ठेवू नका हं," ते म्हणाले. मग दारात चपला घालताना, जरा आशेनं, "सकाळी पोहे-बिहे करता ना?"