काळी बेली, लाल मुरूम

बेली म्हणजे टाच नसलेला, पट्टा नसलेला, गोल नाकाचा आणि वरून जवळजवळ उघडा असा बायकांचा जोडा. मूळ शब्द बॅले. पॅरिसहून चपलांच्या दुकानापर्यंत येता येता त्याची बेली झाली, त्यामुळे इंग्रजीत जे पोट असते ते चंद्रपूरच्या बाजारात पायात घालतात. नाकावर छोटीशी फीत बांधलेली असते. एके काळी ती ओढून जोडा पायाला आवळता येई. आता ती नुसती शोभेची असते, आणि हे बहुतेक वेळा ती ओढल्यावर कळते.

हा जोडा जन्मला गुळगुळीत लाकडी फरशीवर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत चामड्याच्या जोड्यांवर रेशनिंग आले, नाचाच्या सपाता त्यातून सुटल्या. क्लेअर मॅकार्डेल या वेशभूषाकार बाईंनी कपेझिओ या कारखान्याकडून त्या सपातांना रस्त्यावर टिकेल असा तळ लावून घेतला. 1956 साली ब्रिजित बार्दो या नटीसाठी पॅरिसच्या रोझ रेपेत्तो यांनी असाच जोडा केला आणि त्याला सिंड्रेलाचे फ्रेंच नाव दिले. सिंड्रेलाची ख्याती जोडा पायातून निसटण्याबद्दल आहे. नावातच पुरेसा इशारा होता. चंद्रपूर-गडचिरोलीकडे निघणाऱ्या प्रवासिनीने तो घेतलेला बरा.

बेली संध्याकाळी विकत घ्यावी, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा बरेचदा 46-47 अंशांवर जातो. तेव्हा सकाळी बेतलेला जोडा दुपारी दुसऱ्याच कुणाचा वाटतो. चामडे खरे की रेक्झिन हे कापलेल्या कडेवरून ओळखावे. चामड्याची कड किंचित केसाळ असते, रेक्झिनच्या कडेला खालचे कापड दिसते. जोडा वाकवून पाहावा. तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, मधोमध वाकला तर तळ पुठ्ठ्याचा समजावा. घट्ट होतो म्हटले तर दुकानदार म्हणतो, “घालून घालून सैल होते जी मॅडम, चामडं आहे.” सैल होतो म्हटले तर म्हणतो, “घालून घालून पायावर बसते जी.” दोन्ही विधाने खरी आहेत. मधला काळ मात्र पायाला काढावा लागतो.

वाघांसाठी नावाजलेल्या या मुलखात पाहुण्याला सर्वांत आधी चावतो तो जोडाच. टाचेमागच्या कडेला आतून मेणबत्ती किंवा कोरडा साबण घासावा, पायाला खोबरेल लावावे, आणि पहिले दोन दिवस जोडा घरातच घालून हिंडावे. चावा जाणवतो हे एका अर्थी नशीबच. बाबा आमट्यांनी 1949 साली वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले ते ज्यांच्यासाठी, त्या कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांना जोडा चावलेला कळत नाही. न कळलेल्या फोडाची जखम होते. म्हणून अशा पायांसाठी मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या चपला कराव्या लागतात. तिथे मापाचा जोडा हे औषधच असते.

चंद्रपूर शहराला काळा रंग मानवतो. कोळशाच्या खाणी आणि औष्णिक वीजकेंद्र यांच्या शेजारात पांढऱ्या जोड्याचा दोन दिवसांत राखाडी होतो. काळा जिथल्या तिथे राहतो, किंवा राहिल्यासारखा दिसतो. साडीवर बेली घालताना निऱ्या दोन बोटे वर खोचाव्यात. टाचेच्या सँडलची सवय असलेल्या बाईची साडी बेलीवर आपसूक लांब होते आणि जटपुरा गेटमधून जाताना रस्ता झाडत जाते. सलवार चालते, घोट्यापर्यंतची पँट अधिक शोभते. चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाड्यातून, विशेषतः नांदेडकडून, भाविकांची रीघ लागते. तेव्हा मंदिराबाहेर काळी बेली काढून ठेवू नये. चोरीला जाते म्हणून नव्हे. परतल्यावर तशाच सहा दिसतात, आणि त्यांतल्या चारांत पाय जातो.

ताडोब्यात बेली निर्धोक आहे. राष्ट्रीय उद्यान 1955 सालचे, व्याघ्रप्रकल्प 1995 चा. पण प्रवासिनीच्या दृष्टीने महत्त्वाचा नियम एकच, की जंगलात जिप्सीतून खाली उतरायचे नाही. मोहर्लीच्या फाटकातून डोंगरी चढाईचे बूट घालून आत गेलेली आणि बेली घालून गेलेली, दोघी बसूनच परत येतात. फरक थंडीत पडतो. डिसेंबरच्या पहाटे उघड्या जिप्सीत वारा बेलीच्या उघड्या भागातून शिरतो आणि वाघ दिसेपर्यंत बोटे आहेत की नाहीत याची खात्री उरत नाही. लोफर सॉक्स नावाचे बुटके मोजे जोड्यात दिसत नाहीत, आणि ऊबही दिसू न देण्याइतकीच देतात. सरळ लोकरीचे मोजे घालावेत. वाघ पायांकडे बघत नाही.

पुढचा प्रवास एसटीने. 2023 पासून महिलांना तिकीट अर्धे आहे. पाय मात्र पूर्ण तुडवले जातात, आणि बेलीच्या पातळ चामड्यातून तुडवणाऱ्याच्या बुटाची नक्षी मोजता येते. मूल, सावली करत व्याहाडजवळ वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. 26 ऑगस्ट 1982 रोजी तो चंद्रपुरातून वेगळा झाला. जोड्याला ते मातीवरून कळते. काळी धूळ मागे राहते, लाल मुरूम सुरू होतो. आलापल्लीच्या वाटेवर लोहखनिजाचे ट्रक गेले की काळी बेली विटकरी होते. ती रुमालाने लगेच पुसू नये. मुरमाचे कण चामड्यावर कानशीसारखे चालतात. आधी झटकावी, मग ओलसर फडक्याने टिपावी. गवतातून तर जाऊच नये. कुसळे वरून शिरतात, गोखरू खालून, आणि दोघांची गाठ तळव्यात पडते.

थंडीत वाट वाकडी करून वडसा गाठावे. दिवाळी ते होळी हा झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम, आणि नाटक मंडळ्यांची कार्यालये वडशात. नाटक रात्री उभे राहते ते पहाटेपर्यंत. जमिनीवर बसणाऱ्या प्रेक्षकाला चप्पल ही बैठकही असते, आणि इथे बेलीचा खरा गुण दिसतो. टाच नसल्यामुळे दोन्ही जोडे शेजारी ठेवले की सपाट पाट तयार होतो. उंच टाचेच्या सँडलवर बसून तिसऱ्या अंकापर्यंत पोचलेली बाई झाडीपट्टीने अजून पाहिलेली नाही.

भामरागडकडे, हेमलकशापलीकडे, बेली मुख्यतः काढण्याच्या कामी येते. प्रत्येक ओसरीवर पायताण बाहेर ठेवायचे असते. लेस सोडत बसलेल्या बुटवालीच्या आधी बेलीवाली आत जाऊन पाणी पिऊन होते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की पुढचा रस्ताच उरत नाही, त्यामुळे जोड्याचा प्रश्न तात्पुरता सुटतो. पूर नसताना प्रश्न भाताच्या बांधीचा. रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावरून चालताना पाय घसरून बांधीत गेला, तर तो वर येतो आणि बेली आत राहते. पुढे सिंड्रेलाची गोष्ट थोड्या फरकाने घडते. राजपुत्र येत नाही. पऱ्हे लावणारी एखादी बाई कोपरापर्यंत हात घालून जोडा उपसते, पाण्यात खळबळते आणि विचारते, “हा तुमचाच काय जी?” आपला नाही म्हणायची सोय नसते, कारण दुसरा पायात असतो.

भिजलेली बेली उन्हात किंवा चुलीपुढे वाळवू नये, चामडे तडकते. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ती सावलीत ठेवावी आणि कागद ओला झाला की बदलावा. दोन दिवसांनी काळे पॉलिश हलक्या हाताने लावावे. पावसाळ्यात पांढरी बुरशी धरते, ती कोरड्या फडक्याने घराबाहेर पुसावी. तळ झिजून पाय टेकू लागला की मोच्याकडून पातळ रबराचा तळ लावून घ्यावा. तो मूळ तळापेक्षा जास्त टिकतो. जंगलातल्या मुक्कामी रात्री जोडा उंचावर ठेवावा आणि सकाळी पाय घालण्याआधी उलटा करून झटकावा, कारण विंचवालाही अंधारी, उबदार जागा आवडते. बहुधा कागदाचा बोळाच पडतो.