ऐकावे यंत्राचे, करावे दुकानदाराचे

घरात उत्तम ध्वनियंत्रणा आणायचं मनावर घेतलंत ना? मग पहिलं काम म्हणजे गाणं हा विषय डोक्यातून काढून टाका. गाणं ऐकायला यंत्रणा लागत नाही. टपरीवरच्या खरखरत्या रेडिओवर लताबाई लागल्या, तरी माणसं चहा हातात धरून उभी राहतात आणि चहा गार होतो. अशांच्या नादी लागू नये. आपल्याला ऐकायचं आहे ते यंत्र. गाणं म्हणजे त्या यंत्राची तपासणी करायचं साधन. एवढं तत्त्व पक्कं झालं की पुढचं सगळं सोपं आहे.

१. खोलीकडे दुर्लक्ष करा

आवाजावर सगळ्यात मोठा परिणाम स्पीकरच्या खालोखाल खोलीचा होतो, असं जाणकार सांगतात. हे खरं आहे आणि म्हणूनच गैरसोयीचं आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. त्यामुळे तीन मीटर अंतरावरच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५७ हर्ट्झच्या आसपासचा सूर हटकून घुमतो. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही सारखी, म्हणजे दहा बाय दहाची खोली आणि वर दहा फुटांवर स्लॅब असेल, तर तिन्ही बाजूंनी तोच सूर घुमणार. मग डग्ग्यावर नुसतं बोट टेकलं तरी वरच्या मजल्यावरच्या काकू विचारायला येणार, 'खाली काही पडलं का?'

यावरचे उपाय स्वस्त आहेत. स्पीकर भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे घ्यावेत, त्यांची उंची कानाच्या पातळीला आणावी, दोन स्पीकर आणि आपली खुर्ची यांचा साधारण समभुज त्रिकोण करावा, जमिनीवर जाड सतरंजी अंथरावी, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट लावावं. निम्मं काम इथेच होतं. पण मग सांगण्यासारखं काय उरलं? पाहुणे सतरंजीकडे बोट दाखवून 'केवढ्याला पडली?' असं कधीच विचारत नाहीत. तेव्हा स्पीकर शोकेसच्या दोन अंगांना, भिंतीला चिकटवून ठेवावेत. एकावर गणपती, दुसऱ्यावर मनी प्लांट. आता जो आवाज येईल त्याचा दोष अॅम्प्लिफायरला देता येतो, आणि अॅम्प्लिफायर बदलता येतो.

२. दुकानात रिकाम्या हाताने जा

आपल्या ओळखीची रेकॉर्ड सोबत नेऊ नये. दुकानदाराकडे खास डेमोची सीडी असते: एक परदेशी बाई, एक डबल बेस, मधेच ग्लास किणकिणल्याचा आवाज. या तीन गोष्टी जगातल्या कुठल्याही स्पीकरवर छान वाजतात.

मग दुकानदार म्हणतो, 'साहेब, हा झाला तुमच्या बजेटमधला. आता जरा हा ऐका.' या वाक्याबरोबर त्याचा अंगठा रिमोटवर कुठे जातो ते पाहू नये. दोन यंत्रांपैकी एकाचा आवाज अर्धा-एक डेसिबलने वाढवला, तर कानाला तो मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. हे ध्वनिशास्त्राला ठाऊक आहे आणि त्या अंगठ्यालाही. आपण डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून म्हणावं, 'ह्यात हवा जास्त आहे.' त्याने म्हणावं, 'साहेब, तुमचा कान तयार आहे.' इथे व्यवहार पूर्ण होतो.

काही आगाऊ गिऱ्हाइकं मात्र तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग घेऊन येतात. मिरजेच्या तंबोऱ्यात घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा धागा असतो. तो केसभर इकडेतिकडे सरकवला की जवारी उघडते किंवा मिटते. नीट लागलेल्या खर्जाच्या तारेतून, कुणी न छेडलेला गंधार वर तरंगताना ऐकू येतो. बरा स्पीकर तो गंधार वेगळा दाखवतो, वाईट स्पीकर नुसता भुणभुणतो. पाच मिनिटांत निकाल लागतो. म्हणूनच ही चाचणी टाळावी. निकाल लागला की शोध संपतो, आणि शोध संपला तर दर रविवारी करायचं काय?

३. केबलवर श्रद्धा ठेवा

केबलवर बाण छापलेला असेल तर त्याच दिशेने जोडावी. आवाजाचा विद्युतप्रवाह सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट धावत असतो, पण बाणाचा मान आपण ठेवावा.

अमेरिकेतले जादूगार आणि बुवाबाजीचे टीकाकार जेम्स रँडी यांनी २००७ मध्ये जाहीर केलं होतं की सात हजार डॉलरच्या वर किंमत असलेली स्पीकर केबल आणि साधी चांगली केबल यांतला फरक जो न बघता, केवळ कानाने ओळखून दाखवेल, त्याला दहा लाख डॉलर मिळतील. ते बक्षीस कुणीच नेलं नाही. यावरून एवढंच सिद्ध होतं की खरा रसिक पैशासाठी ऐकत नाही.

विजेच्या केबलबाबत तर तडजोड नकोच. महावितरणची वीज कित्येक किलोमीटर उघड्या तारांवरून, कावळ्यांच्या पायांखालून, सोसायटीच्या गंजक्या मीटरबॉक्समधून येते. एवढा प्रवास करून ती जे काही होते, ते शेवटच्या दीड मीटरच्या जाडजूड केबलमध्ये धुऊन निघतं. जपानमधले काही शौकीन तर घराबाहेर स्वतःपुरता विजेचा खांब उभारून घेतात, शेजाऱ्याच्या फ्रिजची वीज आपल्या गाण्यात मिसळू नये म्हणून. आपल्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत हा विषय मांडून बघायला हरकत नाही.

४. आकडे पाठ करा

१९८२ मध्ये बाजारात आलेली सीडी सेकंदाला ४४,१०० नमुने घेते. त्यात २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो, आणि माणसाचा तरुण कान साधारण तिथपर्यंतच पोचतो. पन्नाशीनंतर बहुतेकांची वरची मर्यादा बरीच खाली उतरलेली असते. दात आहेत तेव्हा चणे नाहीत, ही म्हण बहुधा याच छंदासाठी तयार झाली. तरीही आपण ९६,००० आणि १,९२,००० नमुन्यांखाली बोलू नये.

मेयर आणि मोरान या दोघांनी २००७ मध्ये अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक प्रयोग छापला. महागड्या उच्च दर्जाच्या डिस्कचा आवाज आणि तोच आवाज सीडीच्या मापात बसवलेला, यांतला फरक श्रोत्यांनी ओळखायचा होता. ५५४ वेळा विचारलं. बरोबर उत्तरं ४९.८ टक्के. नाणं उडवलं असतं तर श्रोत्यांचा वेळ वाचला असता. कुणी हा प्रयोग काढलाच, तर आपण शांतपणे म्हणावं, 'त्यांची केबल कुठली होती?'

५. गैरसोय वाढवा

सोयीने मिळालेला आवाज कधीच 'उबदार' नसतो. म्हणून व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर घ्यावा. ३०० बी नावाचा एकेक नामांकित व्हॉल्व्ह लावलेला अॅम्प्लिफायर जेमतेम आठ वॉट देतो आणि त्याच्या कितीतरी पट उष्णता. मे महिन्यात तो लावला की पंख्याची घरघर मधे येते, पंखा बंद करावा; रस्त्यावर 'भंगाऽऽर'वाल्याचा भोंगा वाजतो, खिडक्या बंद कराव्यात; मग कुकरची तिसरी शिट्टी होईस्तोवर थांबावं. शंभर डेसिबल शांततेची हमी देणारं यंत्र ऐकायला घरात तेवढी शांतता आपणच पैदा करायची असते. रात्री दहानंतर ती आयती मिळते, पण तेव्हा काकूही जाग्या असतात.

एलपी तर हवीच. १९४८ मध्ये ती आली तेव्हा लोकांना अप्रूप हे, की एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावतात. आज अप्रूप याचं, की वीस-बावीस मिनिटांनी उठावं लागतं. आधी ब्रशने धूळ काढावी, मग छोट्या काट्यावर सुईचा भार मोजावा, पावणेदोन ग्रॅम भरला की जपून सुई टेकवावी. विलंबित ख्याल आता कुठे मांडी घालून बसतोय तोच बाजू संपते. उत्तम. गाण्यात गुंतायचा धोका टळला.

नवं यंत्र रुळायला दोनशे तास लागतात असं दुकानदार सांगतो. परत करायची मुदत त्याआधी संपते. दोनशे तासांत यंत्र रुळतं की कान, हे विचारू नये.

६. चुकून गाणं आवडलं तर

एवढी काळजी घेऊनही कधी कधी अपघात होतो. बहुतेक वेळा त्याला जुनी रेकॉर्डिंग्ज कारणीभूत असतात. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३०च्या दशकातल्या ध्वनिमुद्रिका घ्या. तीन-साडेतीन मिनिटांचा ऐवज, खर्ज जेमतेम, 'स्टेज' नाही, 'हवा' नाही, खरखर मात्र मुबलक. त्यात तो बारीक, कातर आवाज सुरावर येऊन थांबतो आणि आपण केबल विसरतो. वाईट म्हणजे, मुलीच्या मोबाइलवरही तो नेमका तिथेच थांबतो. अशा मुद्रिका यंत्राच्या आसपास ठेवूच नयेत.

ठेवल्याच आणि मान डोलू लागली, तर ताबडतोब उठावं. सुईचा भार पुन्हा मोजावा. स्पीकर दोन इंच मागेपुढे करावेत. केबल उलटी जोडून बघावी. तरीही डोळ्यांत पाणी येत असेल, तर दुकानदाराला फोन लावावा. तो अनुभवी असतो. आधी विचारेल, 'साहेब, काय ऐकत होतात?' मग म्हणेल, 'काळजी करू नका, रविवारी या. नवीन मॉडेल आलंय.'