शंकूपटाचे टायरभाऊ

वाशीमच्या पुसद नाक्यावर पंक्चरच्या दुकानासमोर गाडी थांबली की टायरभाऊ माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत. ते थेट चाकाशी उकिडवे बसतात, अंगठ्याने धूळ पुसतात आणि पत्रिका उघडावी तसा टायर वाचायला घेतात.

"१४५, ८०, आर १२, ७४ टी. अल्टो हाय. ७४ म्हंजे एका टायरवर ३७५ किलो. टी म्हंजे १९० चा वेग."

मालकाची छाती फुगते.

"टायर जाईन १९० नं," भाऊ उठता उठता सांगतात, "गाडी नाई जाणार."

भाऊ मेकॅनिक नाहीत, टायरविक्रेतेही नाहीत. दहा एकर शेती, खरिपात सोयाबीन-तूर आणि बाराही महिने ऑटोक्रॉस. मोकळ्या मैदानात प्लॅस्टिकचे शंकू मांडून वळणावळणाची वाट आखायची, एकेक गाडी सोडायची आणि घड्याळ लावून वेळ मोजायची, असा हा हौशी खेळ. शंकू पाडला की वेळेत दंडाचे सेकंद वाढतात. वऱ्हाडात हे समजवायला फार शब्द लागत नाहीत, कारण इथे शंकरपटात बैलजोडीही सेकंदांवरच तोलतात. "थो शंकरपट, हा शंकूपट," भाऊ म्हणतात. बैलांच्या शर्यतींवर २०१४ मध्ये बंदी आली आणि १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदा वैध ठरवला. शंकूपटावर मात्र कोणी बंदी घातलेली नाही. भाऊंच्या पाहण्यात तो जिल्ह्यात अजून भरलाच नाही, तर बंदी घालणार कशावर?

एकदा ते नाशिकला राष्ट्रीय पातळीची रॅली बघायला गेले होते. मोबाइलमध्ये दोनशे फोटो घेऊन आले. सगळे चाकांचे. एकाही फोटोत पूर्ण गाडी नाही.

स्पर्धा नसली तरी टायरची निवड थांबलेली नाही. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी ही म्हण तुरीच्याच जिल्ह्यात एवढी तंतोतंत खरी ठरावी! मऊ रबर घ्यावे की कडक? मऊ रबर रस्ता धरते, पण लवकर झिजते. अमेरिकेत या झिजण्याला सरकारी पद्धतीचा आकडा असतो. प्रमाण टायर १०० धरायचा. २०० म्हणजे त्याच्या दुप्पट टिकणारा. त्यासाठी टेक्सासमधल्या सॅन अँजेलोच्या आसपास टायर साडेअकरा हजार किलोमीटर पळवतात. अमेरिकेतल्या हौशी ऑटोक्रॉसमध्ये रस्त्यावरच्या गाड्यांच्या गटात २०० पेक्षा कमी आकड्याचा टायर चालत नाही. भाऊंना हे सगळे तोंडपाठ आहे. पण हा हिशेब झाला डांबराचा. मुरमाचे मैदान असेल तर खाचा खोल हव्यात, आणि पाऊस पडलेल्या काळ्या मातीत? "तिथं टायर नाई, ट्रॅक्टर लागते." मैदान कोणते हेच ठरलेले नाही, म्हणून हा वाद तीन वर्षांना पुरून उरला.

तरी माणूस पोकळ नाही. एका पोराने विचारले, "भाऊ, रेससाठी कोनते टायर घेऊ?" भाऊंनी खिशातली चुन्याची डबी काढली. तंबाखू मळतील असे वाटले, पण बोटाने त्यांनी पुढच्या टायरच्या खांद्यावर, नक्षी संपून बाजू सुरू होते तिथे, तीन पांढरे पट्टे ओढले. "आता मैदानात जोरात वळव, अन् वापस ये." पोरगा धुरळा उडवत परतला. चुना नक्षी ओलांडून पार बाजूवर पुसला गेला होता. "पाह्य, टायर कलंडते. हवा वाढव." थोडी हवा भरून पुन्हा फेरी. या वेळी चुना जरा वरच पुसला. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी म्हणजे घरचा थोरला पोरगा: ओढायचे त्यानेच, वळायचे त्यानेच, ब्रेकचा मोठा भारही त्यानेच सोसायचा. म्हणून हवेचा हिशेब पुढून सुरू करायचा.

"टायर घेऊ नको बे," भाऊ शेवटी म्हणाले. "वरीसभर हायेत त्याच्यावरच हात बसव."

११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाल्यापासून भाऊंचा भाव वाढला आहे. शेलूबाजारहून १२० च्या वेगाने निघणारा माणूस आधी भाऊंना चाक दाखवून जातो. मे महिन्यात काँक्रीट तापलेले, हवा कमी असली की टायर जास्त दबतो, दबून आणखी तापतो आणि फुटतो. खाच १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदलायचा, यात भाऊ सूट देत नाहीत. नायट्रोजनचे मात्र हसू करतात: "हवेत ७८ टक्के थेच हाय. बाकीच्या २२ चे पैसे कायले देता?"

स्वतः त्यांनी पोराला दिलेला सल्ला ऐकला नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात चार मऊ टायर मागवले. कडेवर १४२२ छापले आहे, म्हणजे त्या वर्षाचा चौदावा आठवडा. ठेवल्या ठेवल्याही रबर कडक होते, हे भाऊच सगळ्यांना सांगतात. टायर आतल्या खोलीत एकावर एक रचलेले आहेत, अजून प्लॅस्टिकच्या वेष्टनात. यंदाच्या पेरणीआधी त्यांच्यावर सोयाबीन बियाण्याच्या सहा पिशव्या ठेवल्या होत्या, ओल लागू नये म्हणून.