सायकल चार्ज केली का?

रविवारी पहाटे निघालेल्या सायकलवाल्यांना पूर्वी एकच विचारायचे, हवा भरली का? आता विचारतात, चार्ज केली का?

पायडल तुम्हीच मारायचं, घामही तुमचाच. बॅटरी फक्त मागची चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवण्यापुरती. शिमानोनं २००९ मध्ये विजेवरचा गिअर आणला आणि बोटांचे कष्ट वाचवले.

मांड्यांचं तुमचं तुम्ही बघा.

जुन्या गिअरमध्ये होतं काय? फ्रेमच्या तिरक्या दांडीवर एक लिव्हर, एक केबल आणि टोकाला चेन सरकवणारा डिरेलर. लिव्हर किती ओढायचा? ते कान सांगतो. खरखर आली की जरासा मागे-पुढे, खरखर थांबली की गिअर बसला. मागची चक्रं पाच असोत की सात, या कंपनीची असोत की त्या. लिव्हर कुणाची जात विचारत नसे.

ती विचारायची सवय लागली १९८४ मध्ये. शिमानोनं लिव्हरला खाचा दिल्या. एक टक, एक गिअर. सोय झाली, मान्य. पण खाचांचं माप चक्रांच्या मापाशी बांधलेलं. मग चक्रं आठ झाली, नऊ, दहा, अकरा, बारा. चेन बारीक होत गेली, बिल जाड. कॅम्पानोलोनं २०२० मध्ये तेरावं चक्रही बसवलं.

घाट होता तेवढाच राहिला.

जुन्याच्या भक्तांनी मात्र फार मान डोलवू नये. टूर द फ्रान्समध्ये डिरेलरला परवानगी मिळाली थेट १९३७ साली. त्याआधी स्वार चढाच्या पायथ्याशी उतरत, मागचं चाक काढत आणि उलटं करून बसवत. आज आपण ज्याला विंटेज म्हणून कुरवाळतो, ते तेव्हाच्या कडव्यांच्या लेखी आळशांचे चोचले!

आणि इटलीतली ‘एरोइका’? जुन्या सायकलींची ही फेरी टस्कनीत १९९७ पासून निघते. सायकल १९८७ पूर्वीची हवी, लिव्हर दांडीवरच हवा, ब्रेकची केबल बाहेर दिसायला हवी. साधेपणालाही नियमावली लागते.

तरी माझं मत जुन्यालाच. कारण साधं आहे, ते पान्यानं उघडतं. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की शिमानोच्या बिनतारी गिअरचा सिग्नल टिपून ठेवला, तर दहा मीटरवरून दुसऱ्याचा गिअर बदलता येतो. मग शिमानोनं सॉफ्टवेअर दुरुस्त केलं.

सायकलचं सॉफ्टवेअर!

केबलशी असा खोडसाळपणा करायचा तर पक्कड घेऊन शेजारून पळावं लागतं. तेवढा दम असलेला माणूस शर्यतच जिंकेल.

बक्षिसाची रक्कम मिळणार असेल, तर खुशाल बॅटरी लावा. खडकवासल्यापर्यंत जाऊन मिसळ खाऊन परतणाऱ्यांनी मात्र खरेदीआधी दुकानदाराला एवढंच विचारावं: दहा वर्षांनी याचा सुटा भाग मिळेल का? तो नवा कॅटलॉग उघडू लागला, तर पैसे खिशातच ठेवा.